डाव सोडता आला पाहिजे

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन गेमिंगचा कायदा आणला. २० तारखेला लोकसभेने, २१ तारखेला राज्यसभेने तो मंजूर केला आणि २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, या कायद्याने बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद झाली. या धंद्यातल्या अनेक कंपन्या बंगळुरूत आहेत, त्यामुळे इथे तो विषय आठवडाभर पुरला. नोकऱ्या किती जाणार, कर किती बुडणार, कोर्टात काय होणार, सगळं बोलून झालं. पोकरसारखा खेळ नीट खेळायला मन कसं घडलेलं असावं लागतं, याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. मला तोच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर सापडलं की कायद्याबद्दलचं आपलं मतही स्पष्ट होतं.

मी मूळची बेळगावची. बंगळुरूत एका विमा कंपनीत जोखीम मोजण्याचं काम करते. कोणती घटना किती वेळा घडेल, घडली तर किती खर्च येईल आणि त्यासाठी आज किती पैसे बाजूला ठेवायचे, याचे हिशेब मांडणं ही माझी रोजची नोकरी. जयनगरमधल्या आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी पोकरचा डाव बसतो. एक निवृत्त संख्याशास्त्राचे प्राध्यापक, ऑफिसातल्या दोन मैत्रिणी, शेजारचं एक जोडपं आणि इथे नोकरीला आलेला माझा भाचा. टेबलावर पैसा नसतो. प्रत्येकाला दोन हजारांच्या प्लास्टिकच्या चिप्स मिळतात. त्या संपल्या की पुन्हा मिळत नाहीत. माणूस उठतो आणि बाकीच्यांसाठी कॉफी ठेवतो. या टेबलावर मी जे पाहिलं, त्यावरून मला हे लिहावंसं वाटलं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सगळ्यात प्रचलित प्रकार टेक्सास होल्डएम. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मग टेबलाच्या मधोमध पाच पानं उघडली जातात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून सर्वांत चांगली पाच पानं जुळवायची. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. बोली वाढवायची, बरोबरी करायची की पानं टाकून डावातून बाहेर पडायचं, हे आपण ठरवायचं. पानं टाकण्याला फोल्ड म्हणतात. बाकीच्या सगळ्यांनी फोल्ड केलं तर उरलेला एकटा पानं न दाखवताच मधली सगळी रक्कम घेतो.

आपण मराठी माणसं पत्त्यांत वाढलेली. गणपतीच्या जागरणाला झब्बू, दिवाळीच्या सुट्टीत मेंढीकोट, दुपारी आजीबरोबर पाच-तीन-दोन. या खेळांत जी पानं वाट्याला आली ती घेऊन शेवटपर्यंत खेळावंच लागतं. पोकरमध्ये नकार देता येतो, आणि चांगला खेळाडू सगळ्यात जास्त वेळा तेच करतो. सहा-आठ जणांच्या टेबलावर जाणता खेळाडू चारातले तीन डाव पहिली दोन पानं पाहूनच सोडून देतो. ५२ पानांतून दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात. त्यांत दोन एक्के मिळण्याच्या जोड्या फक्त ६, म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीसेक डाव होतात. याचा अर्थ, सर्वांत भारी पानांसाठी सरासरी नऊ तास बसावं लागतं. मधले सगळे डाव साध्यासुध्या पानांचे, आणि त्या वेळात माणसाचा कंटाळा त्याच्याशी खेळत असतो. ‘इतका वेळ नुसता बसलोय, आता हे तरी खेळून बघू,’ हा विचार मनात आला की चुकीचा डाव सुरू झालाच म्हणून समजा. या खेळाचा पहिला गुण म्हणजे काही न करता, तरीही पूर्ण लक्ष देऊन बसता येणं. दुसरे खेळतात तेव्हाच त्यांच्याबद्दल कळतं: कोण घाईत बोली वाढवतो, कोण हरल्यावर गप्प होतो, कोण फक्त भक्कम पानांवरच पुढे येतो.

दुसरा गुण याहून अवघड आहे. निर्णय आणि निकाल यांना वेगवेगळं पाहता येणं.

आमच्या टेबलावर प्रत्येकाजवळ एक छोटी वही असते. मोठा निर्णय घ्यायच्या आधी त्यात दोन ओळी लिहायच्या: मी काय करणार आणि का. निकाल कळल्यावर त्या ओळी बदलायच्या नाहीत. ही पद्धत प्राध्यापकांनी सुरू केली. एका शुक्रवारी भाच्याला दोन एक्के आले, इस्पिक आणि किलवर. त्याने बोली वाढवली, प्राध्यापकांनी बरोबरी केली, बाकीचे बाहेर पडले. मधली पहिली तीन पानं आली बदामाची नव्वी, बदामाची दश्शी आणि इस्पिकची चव्वी. भाच्याची बोली, सरांची बरोबरी. चौथं पान बदामाचा गुलाम. भाच्याने जपून थोडी बोली लावली, सरांनी पुन्हा बरोबरी केली. पाचवं पान चौकटची अठ्ठी. भाच्याने या वेळी बोली लावली नाही, आणि सरांनी शांतपणे ६०० च्या चिप्स पुढे सरकवल्या. मध्ये ८०० होत्या.

आता हिशेब पाहा. ६०० घालून पाहायचं ठरवलं तर मधली एकूण रक्कम २००० होणार. म्हणजे पानं दाखवण्याच्या वेळी निदान ३० टक्के वेळा जिंकण्याची शक्यता असेल, तरच ते ६०० घालणं परवडतं. दोन एक्के दिसायला भारी, पण या पाच पानांसमोर ती नुसती एक जोडी. समोरच्याकडे एखादी राणी किंवा सत्ती असेल तरी त्याची सलग पाच पानं होतात. दोन बदाम असतील तर पाचही बदाम होतात. दोन वेगवेगळ्या जोड्या असल्या तरी एक्के हरतात. आणि सर हलक्या पानांवर मोठी बोली लावून संध्याकाळभर हूल देणाऱ्यांतले नव्हते. भाच्याने वहीत लिहिलं: ‘३० लागतात. माझ्या अंदाजाने १०. सोडतो.’ मग एक्के पालथे टाकले.

लगेच त्याने विचारलं, ‘सर, काय होतं तुमच्याकडे?’ सरांनी आपली पानं न दाखवता गठ्ठ्यात मिसळली आणि म्हणाले, ‘ते पाहून तुझा हिशेब बदलणार आहे का?’ भाचा माझ्याकडे वळला. ‘मावशी, एवढी भारी पानं टाकली आणि बरोबर टाकली की चूक, तेही कळायचं नाही?’ मी त्याला म्हटलं, ‘बरोबर टाकलीस. वहीत लिहिलंयस की.’ सरांकडे काय होतं, ते आम्हाला आजही माहीत नाही.

मला पोकरचं सगळं शिक्षण या एका डावात दिसतं. आपल्याकडे निर्णयाची परीक्षा निकालावरून घेतात. मुलाला ९५ टक्के मिळाले तर अभ्यासाची पद्धत बरोबर, ७० मिळाले तर चूक. शेअर वर गेला तर घेणारा हुशार, खाली गेला तर मूर्ख. बंगळुरूच्या स्टार्टअपच्या दुनियेत तर हे रोज चालतं. कंपनी विकली गेली की संस्थापकाच्या प्रत्येक सवयीचं कौतुक होतं, कंपनी बुडली की त्याच सवयी दोष ठरतात. माझ्या व्यवसायात असं वागून चालत नाही. एखाद्या वर्षी पूर आला नाही म्हणून पुरासाठी पैसे राखून ठेवणं चुकीचं ठरत नाही. पोकरपटू आणि मानसशास्त्राच्या अभ्यासक ॲनी ड्यूक यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं: चांगल्या निर्णयाचा निकाल वाईट लागू शकतो, वाईट निर्णयाचा चांगला, आणि जो निकालावरूनच शिकतो तो चुकीचे धडे शिकत जातो.

हे कळणं सोपं, अंगी बाणणं कठीण. कारण तिथे तिसरा गुण लागतो: हरल्यानंतरच्या स्वतःला ओळखणं. समजा तुमच्याकडे दोन एक्के आहेत आणि समोरच्याकडे दोन राजे. दोघांनीही सगळ्या चिप्स मध्ये लोटल्या. साधारण ८२ टक्के वेळा तुम्ही जिंकाल. पण उरलेले १८ टक्के कुठे जात नाहीत. लागोपाठ दोनदा असं हरण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि जो नियमित खेळतो त्याच्यावर ती वेळ येतेच. सगळं बरोबर करून हरल्यावर छातीत जे पेटतं, त्याला पोकरवाले टिल्ट म्हणतात. त्यानंतरचे डाव माणूस पानं पाहून खेळत नाही. गेलेलं परत मिळवायला खेळतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की जिंकल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच हरल्याचं दुःख माणसाला बरंच जास्त बोचतं, आणि तोटा भरून काढायच्या नादात सावध माणूसही मोठे धोके पत्करतो.

आपल्याला हे सांगायला परदेशी संशोधन तरी कशाला हवं? सभापर्वातलं द्यूत आपण शकुनीच्या कपटासाठी लक्षात ठेवलं आहे. युधिष्ठिराची चाल पाहा. धन गेल्यावर राज्य, राज्य गेल्यावर भाऊ, मग स्वतः, मग द्रौपदी. प्रत्येक हारीनंतर पण वाढत गेला. आणि त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. धृतराष्ट्राने सगळं परत दिलं, पांडव निघाले, वाटेत पुन्हा खेळायचं बोलावणं आलं आणि युधिष्ठिर पुन्हा जाऊन बसला. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास त्या दुसऱ्या डावाचा आहे. फासे कपटाचे होते हे मान्य. पण एकदा सारं गमावून परत मिळाल्यावर त्याच पटावर त्याच माणसासमोर बसणं, ही फाशांची करामत नव्हती.

म्हणून चांगला खेळाडू थांबायचा नियम बसायच्या आधी करतो. आज किती वेळ, किती रक्कम, आणि किती गेल्यावर उठायचं. हरल्यावर हे ठरवायला बसलेला माणूस त्या ठरवण्याच्या लायकीचा राहिलेला नसतो. मारिया कॉनिकोव्हा या लेखिकेचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. आत्मसंयमावरच्या प्रयोगांसाठी जगभर ओळखले जाणारे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. पोकरचा गंध नसताना एरिक सायडल या दिग्गजाकडून त्या खेळ शिकल्या, २०१८ मध्ये बहामासमधली एक स्पर्धा जिंकल्या आणि २०२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ज्यांचं शिक्षणच आत्मसंयमाच्या अभ्यासात झालं, त्यांनाही टेबलावर स्वतःच्या भावनांवर वेगळं काम करावं लागलं. मग फोन हातात घेऊन रात्री दोनला खेळणाऱ्या मुलाची काय कथा?

हूल देण्याबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. पोकर म्हणजे चेहरा दगडासारखा ठेवून थापा मारणं, असं सिनेमांनी आपल्याला शिकवलं. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये खेळांच्या गणिताचा पाया घातला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबरच्या ग्रंथात पोकरच्या सोप्या रूपाचं गणित मांडलं. हूल हा हिशेबाचाच भाग आहे, हे त्यातून दिसलं. मध्ये जेवढी रक्कम आहे तेवढीच बोली तुम्ही शेवटी लावत असाल, तर अशा तीन बोलींपैकी साधारण एक हूल असावी. त्याहून कमी असेल तर समोरचे तुमची भक्कम पानं ओळखून पळ काढतात. जास्त असेल तर तुम्हाला पकडतात. म्हणजे हूलसुद्धा लहर लागली म्हणून द्यायची नसते. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी तयार केलेल्या प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर नामांकित व्यावसायिकांना हरवलं. तोही हूल द्यायचा, पण मागच्या डावात हरल्याचा राग काढायला कधीच नाही. माणसाला त्या यंत्राइतकं गणित जमणार नाही. राग बाजूला ठेवणं मात्र सरावाने बरंच जमतं.

आता कायद्याकडे येते. आपल्या न्यायालयांत अनेक दशकं एकच प्रश्न घोळतो आहे: खेळ कौशल्याचा की नशिबाचा? बक्षीस-स्पर्धांवरच्या कायद्यांतून निघालेल्या खटल्यांत १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या काढल्या. १९६७ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरली. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, पोकर कौशल्याचा खेळ म्हणून खेळला जात असेल तर परवान्याची गरज नाही, असं म्हटलं आणि बंगळुरूत पोकर क्लबांना बळ मिळालं. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने उलट मत दिलं. कर्नाटक सरकारने ऑक्टोबर २०२१ पासून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली; १४ फेब्रुवारी २०२२ ला उच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. मग २०२५ चा केंद्रीय कायदा आला, आणि त्याला आव्हान देणाऱ्या वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या.

पोकरमध्ये कौशल्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वर सांगितलेला हिशेब नशिबाचा नव्हे. पण कौशल्य आणि नशीब यांच्या जोडीला स्वभाव नावाची तिसरी गोष्ट या खेळात आहे, आणि ती कोणत्याही निकालपत्राच्या मापात बसत नाही. गणित येणारी माणसं या शहरात पैशाला पासरी मिळतील. गणित येऊनही हरल्यावर उठता येणारी माणसं फार थोडी. खेळ कौशल्याचा आहे हे खरं असूनही, तो खेळणाऱ्या बहुसंख्य लोकांसाठी तो त्या क्षणी कौशल्याचा राहिलेला नसतो.

आणि फोनवरच्या पैशाच्या खेळाची रचना नेमक्या याच स्वभावावर घाव घालणारी होती. टेबलावर पानं पिसायला, वाटायला वेळ लागतो. त्या वेळात डोकं थंड होतं. फोनवर पानं क्षणात वाटली जातात, एका वेळी दोन-चार टेबलं उघडता येतात, पैसे संपले की यूपीआयने पुन्हा भरता येतात. आमच्या घरी चिप्स संपल्यावर उठून कॉफी करावी लागते, ती उठण्याची सक्तीच तिथे काढून टाकलेली. शिवाय प्रत्येक डावातून चालक आपला वाटा कापून घेतो, म्हणजे सगळ्या खेळाडूंनी मिळून लावलेल्यापेक्षा त्यांच्या हातात कमीच परत येतं. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर मुळातच कापला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. हे सगळं वजा जाऊन सतत नफ्यात राहायला बाकीच्यांपेक्षा थोडं नव्हे, पुष्कळ सरस असावं लागतं. तेवढे सरस सगळेच कसे असतील?

बातम्यांत मात्र जिंकणारे दिसतात. बंगळुरूचे संतोष सुवर्णा यांनी २०२४ मध्ये लास वेगासला पोकरच्या जागतिक मालिकेतली अडीच लाख डॉलर प्रवेशशुल्काची स्पर्धा जिंकली. पहिलं बक्षीस ५४ लाख डॉलरच्या वर होतं. नितांत अभिमान वाटावा असं यश. पण अशा बातमीत बक्षिसाचा आकडा छापतात. जिंकणाऱ्याने त्या स्पर्धेत सोडून दिलेले डाव छापत नाहीत, आणि वाचणाऱ्या विशीतल्या मुलाच्या डोक्यात तो आकडाच राहतो.

माझं मत असं. फोनवरून पैसा काढून घेणं योग्यच झालं. कोणी म्हणेल, सज्ञान माणसाला आपल्या पैशाचं काय करायचं ते ठरवू द्या. प्रत्यक्ष टेबलावर, ओळखीच्या चेहऱ्यांसमोर, वेळेची आणि रकमेची मर्यादा पाळून खेळणाऱ्या प्रौढांबद्दल मी हा युक्तिवाद ऐकून घेईन. रात्री एकट्याने अंथरुणात, बँकेचं खातं जोडलेल्या फोनवर खेळणाऱ्याबद्दल नाही. तिथे ठरवणारं डोकं आधीच थकलेलं असतं. मात्र खेळच वाईट, पत्ते म्हणजे पाप, असं म्हणून पोकरला घरातून हाकलण्याला माझा तितकाच विरोध आहे. नव्या कायद्यानेही पैसे न लावता खेळायच्या खेळांना आणि ई-स्पोर्ट्सना जागा ठेवली आहे. ती जागा आपण वापरायला हवी. कोळिकोडच्या आयआयएममध्ये दीपक धयानिथी यांनी पोकरच्या आधारे व्यवस्थापनाची डावपेची विचारपद्धती शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्या महाविद्यालयांतल्या संख्याशास्त्राच्या वर्गात पत्त्यांचा जोड आणि प्लास्टिकच्या चिप्स नेण्यात काय अडचण आहे? शक्यता म्हणजे काय, हे एका संध्याकाळी जितकं अंगात भिनतं तितकं फळ्यावरच्या सूत्राने भिनत नाही.

पैसा नसेल तर कोणी मनापासून खेळत नाही, हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. मला तसं दिसलेलं नाही. चिप्स मोजक्या असल्या, संपल्यावर पुन्हा मिळणार नसल्या आणि वही लिहायची असली, की माणसं पुरेशी गंभीर होतात. हरल्यावर चेहरे पडतात, कान लाल होतात, कोणी पुढच्या डावात तावातावाने बोली वाढवतो. शिकायला लागतं ते सगळं तिथे असतं. फक्त घराचा हप्ता पणाला लागलेला नसतो.

आणि हे शिकणं आज फार गरजेचं आहे, कारण पोकर बंद झाला तरी ती भूक दुसरी वाट शोधते. ऑफिसच्या लिफ्टमध्ये आता ऑप्शन ट्रेडिंगच्या गप्पा ऐकू येतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले; एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. तो बाजार कायदेशीर आहे, त्यावर नियामक आहे, आणि तरीही तिथे तेच घडतं जे फोनवरच्या पोकर टेबलावर घडत होतं: गेलेलं परत मिळवायला पुढचा सौदा. खेळ बदलला, स्वभाव तोच राहिला. स्वभाव घडवायचं काम कायदा करू शकत नाही, ते घरातच करावं लागतं.

तेव्हा वाचकांना माझं सांगणं आहे. पोकर शिकायचा असेल तर जरूर शिका, पण पैशाशिवाय. निर्णय आधी लिहा, निकाल नंतर पाहा. कधी उठायचं ते बसण्याआधी ठरवा आणि घरातल्या एखाद्याला सांगून ठेवा. मुलांना परीक्षेचे गुण विचारताना, पेपर सोडवताना कोणता प्रश्न का सोडून दिला, हेही विचारा; नीट विचार करून सोडलेल्या प्रश्नाचं कौतुक करा. आणि घरात कोणी या नादात अडकलं असेल, तर त्याला नालायक ठरवू नका आणि गुपचूप कर्जही फेडत बसू नका. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून खास उपचारसेवा चालते. तुमच्या गावातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही हा प्रश्न घेऊन जाता येतो. लवकर जा.

दोन एक्के हातात असताना, समोरच्याकडे काय होतं ते कधीच कळणार नाही हे माहीत असूनही, ज्याला शांतपणे पानं टाकता येतात तो पोकर खेळायला तयार झाला. ज्याला ते अजून जमत नाही, त्याने खेळावं, शिकावं, पण एक रुपयाही लावू नये.